बॅसिलची मोजणी

माझ्या गाडीच्या डिकीत फुग्यांचं एक पाकीट कायम असतं. अनुष्काच्या शाळेतल्या मुलांना वाटतं, तिचा बाबा वाढदिवसांना विदूषक होतो. प्रत्यक्षात मी ध्वनी-अभियंता आहे. बंद खोलीत फुगा फोडायचा आणि तो आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि स्वस्त पद्धत. उघड्या भिंती आवाज परत फेकतात. गालिचे, पडदे आणि माणसं तो पिऊन टाकतात. त्यातही कपडे घातलेला माणूस म्हणजे एक जाडजूड स्पंजच. त्यामुळे घुमण्यावरून खोली किती भरलीय हे सांगता येतं. अंदाजे. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

२०१९ साली मी दोह्यात एका नव्या स्टेडियमच्या ध्वनियंत्रणेवर होतो. वर्ल्ड कपला तीन वर्षं होती आणि शहर चहूकडून उकरलेलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला जावं तो संध्याकाळी जागेवर असेलच याची खात्री नसे.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर आम्ही पाच जण फरीज बिन ओमरानमध्ये विजय आणि नमिताच्या फ्लॅटवर जमायचो. विजयने त्याला ‘बॅसिलप्रेमी मंडळ’ असं भारदस्त नाव दिलं होतं. विजय पुण्याचा, गॅस प्लांटवर इंजिनियर. खतिजा महाडची, इथे शाळेत शिकवायची. पाचवे हमीदचाचा, रत्नागिरीकडचे, चाळीस वर्षं दोह्यात. आमचं सगळ्यांचं दैवत एकच, बॅसिल फुर्ताडो.

आज हे नाव कुणाला माहीत नाही. बॅसिल माझगावचा. बाकीचे पियानोवाले सुटाबुटात बसून वाजवत, त्या काळात हा पहिल्याच मिनिटाला लाथेने स्टूल मागे ढकलायचा आणि उभ्यानं रॉक अँड रोल वाजवायचा, कोपरांनी, प्रसंगी बुटाच्या टाचेनंसुद्धा. त्याच्या एकूण चार रेकॉर्डी निघाल्या. त्यातली एक नाशिकला आमच्या घरी होती. रविवारी आंघोळ झाली की माझे वडील ती लावायचे आणि खांद्यावर टॉवेल टाकून माजघरात नाचायचे. मी बारावीत असताना ते गेले. ती रेकॉर्ड लागली की मला आजही पावडरचा वास येतो. मंडळात मी शिरलो तो यासाठी, ध्वनिशास्त्रासाठी नाही.

पुढे जमाना बदलला आणि बॅसिल एकोणऐंशी साली दोह्याच्या एका हॉटेलात नोकरीला आला. दर गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये वाजवायचा. हमीदचाचा तिथे वेटर होते.

वाजवायच्या आधी बॅसिलची एक रीत होती. तो पियानोचं झाकण उघडायचा आणि एकदा धाडकन आपटायचा. मग डोळे मिटून तो आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकायचा आणि हॉलमध्ये किती माणसं आहेत तो आकडा सांगायचा. त्यानंतरच झाकण पुन्हा उघडायचा. “मी ताटं मोजून बघायचो,” हमीदचाचा म्हणत. “एकदाही चुकला नाय. खुर्च्या त्रेचाळीस. हॉल फुल असला की तो बोलायचा, चव्वेचाळीस. पयल्या दिवशी मी म्हटलं, बॅसिलसाब, एक जास्ती झाला. तो बोलला, तू कोण आहेस मग, भिंत?”

वेटरला कोण मोजतं? बॅसिल मोजायचा. चाचांनी हे मला निदान वीसदा सांगितलं असेल, आणि दर वेळी शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकायचा.

म्हणून आमची बैठकही तशीच सुरू व्हायची. पियानो कुठून आणणार? नमिताच्या बाजाच्या पेटीचं झाकण विजय आपटायचा, आवाज विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि चाचांनी डोळे मिटून म्हणायचं, “पाच.” मग रेकॉर्डी.

जूनच्या बैठकीत चाचांनी पाच म्हटलं नाही. ते डोळे मिटून बसूनच राहिले. नमिताने चहा आणला तेव्हा म्हणाले, “फायनल एक्झिटचे कागद झाले. पुढल्या महिन्यात गावी चाललो, कायमचा.” पुढे म्हणाले, “आणि हॉटेल पाडतायत. भोवती पत्रे लागलेत.”

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही कुणीच आधी ऐकलेलं नव्हतं. बॅसिल सत्त्याऐंशी साली हॉटेलातच हार्ट अटॅकनं गेला, एवढंच आम्हाला माहीत होतं.

त्या गुरुवारी हॉल फुल होता. दोन इथल्याच क्लबांची फुटबॉल मॅच वॉचमनच्या टीव्हीवर चालू होती. सूप वाढून झालं आणि चाचा पाच मिनिटांसाठी वॉचमनच्या केबिनमध्ये सटकले. इकडे बॅसिलनं झाकण आपटलं, ऐकलं आणि म्हणाला, “त्रेचाळीस. एक कम है. रुको.” झाकणावर दोन्ही हात ठेवून तो वाट बघत बसला. लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. तो हलला नाही. पाचाची पंधरा मिनिटं झाली. चाचा परत आले तेव्हा लोकांनी त्याला खाली निजवलं होतं.

“झाकण बंदच होतं,” चाचा म्हणाले. “तो माझ्यासाठी थांबलेला, गंधार. मी गोल बघत होतो.”

खतिजाने त्यांच्या हातातला कप काढून घेतला. चाचांना एकच गोष्ट हवी होती. हॉल पडायच्या आणि विमान सुटायच्या आत एकदा तिथे जाऊन उभं राहायचं होतं. “मोजणीत यायचंय मला. बस.”

मला जमण्यासारखं काम होतं. पाडकामाच्या साईटवरचा सेफ्टी सुपरवायझर अबूबकर माझ्या ओळखीचा होता. शिवाय माझीही एक लालूच होती. हॉलचं घुमणं एकदा मोजून साठवलं की बॅसिलची कोणतीही रेकॉर्ड त्या हॉलमध्ये वाजल्यासारखी ऐकता येते. वडिलांची ती रेकॉर्ड मला तशी ऐकायची होती.

जुलैत आधी मी एकटाच गेलो. उन्हाळ्यात दुपारी साडेअकरा ते तीन बाहेरचं काम बंद ठेवावं लागतं, त्यामुळे साईटवर चिटपाखरू नव्हतं. पत्र्याच्या गेटपाशी एक फळी होती. आत जाणाऱ्यानं स्वतःच्या नावाचा टॅग खिळ्याला लटकवायचा आणि बाहेर येताना काढायचा. फळी रिकामी असल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, हा अबूबकरचा नियम. त्यानं माझं नाव मार्करनं लिहून टॅग हातात दिला. “आत काय नाय, सर. सगळं काढून झालं,” तो म्हणाला, आणि पंख्याखाली जाऊन बसला.

खरोखरच काही नव्हतं. गालिचा, पडदे, छताच्या फळ्या, दारं, सगळं उचकटलेलं. काचा तेवढ्या शाबूत होत्या आणि त्यांतून पांढरं ऊन फरशीवर पडलं होतं. धुळीचा बोटभर थर होता, त्यावर माझ्याच बुटांचे ठसे. पियानो कधीच कुठेतरी गेला होता. तो जिथे असायचा तिथे फरशीवर तीन गोल डाग होते.

मी टाळी वाजवली. सवय आहे, कुठल्याही खोलीत शिरलो की आधी टाळी.

आवाज लवकर मेला.

एवढ्या मोठ्या, उघड्याबोडक्या खोलीत तो दोन सेकंद तरी रेंगाळायला हवा होता. मी लांबीरुंदी घेतली, हिशोब पुन्हा केला. दोन सेकंदच. मग माईक लावले आणि बारा ठिकाणी बारा फुगे फोडले. बाराही वेळा उत्तर दीड सेकंदाच्या आसपास आलं. खोलीतलं काहीतरी आवाज पीत होतं. मी भिंती ठोकल्या, कोनाडे बघितले. सिमेंट आणि काच. दमटपणा धरला, धूळ धरली, उघडी दारं धरली, तरी गणित जमेना. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. आमच्या गणिताच्या तक्त्यात ‘आवाज शोषणाऱ्या व्यक्ती’ असा एक रकाना असतो. निव्वळ वैतागून मी तो उलटा सोडवला. दीड सेकंद यायचं असेल तर खोलीत किती माणसं हवीत?

त्रेचाळीस.

आता हे नीट सांगितलं पाहिजे. या पद्धतीत एका माणसाचा फरक पकडता येत नाही. यंत्राची चूकच त्याहून मोठी असते. मी स्वतःला तेच सांगत सामान आवरलं. बाहेर येताना मात्र मी भिंतीच्या कडेकडेनं आलो. का, ते माहीत नाही.

हे चाचांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण गाडीत बसल्याबसल्या त्यांचा फोन आला, “किती?” आणि मी सांगून टाकलं.

“मग मीच राहिलोय,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांना घेऊन गेलो. चाचांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काळी पँट घातली होती. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण दाढी अशी गुळगुळीत जणू ड्युटीवर निघालाय. अबूबकरनं दोन टॅग दिले, दोघांनी लटकवले. अबूबकर कोकणीतून काहीतरी बोलला, चाचा हसले. दारापाशी मात्र ते थबकले. मला वाटलं, सगळं उजाड बघून धक्का बसला असणार.

“खुर्च्या तशाच ठेवल्यात,” ते हळूच म्हणाले.

म्हातारा माणूस, पंचेचाळीस डिग्री ऊन.

चाचा आत शिरले. सरळ नाही. उजवीकडे दोन पावलं, मग अंग चोरून डावीकडे, मग पुन्हा वळून. डावा हात खांद्याच्या वर, पंजा सपाट. रिकाम्या हॉलमध्ये ते टेबलांमधून वाट काढत होते. मध्येच एके ठिकाणी थांबून “सॉरी सर” म्हणाले आणि बाजूला सरकून पुढे गेले. मागच्या खांबापाशी जाऊन पाठ टेकून उभे राहिले, हात मागे बांधून.

“इथे माझी जागा.”

मी माईक लावले. फुगा फुगवताना माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला.

“यल्ला, चल,” चाचा म्हणाले.

मी फुगा फोडला.

आवाज पसरला, भिंतींना लागला आणि विरला. चाचांनी डोळे मिटले होते.

“चव्वेचाळीस,” ते म्हणाले.

स्क्रीनवर आकडा यायला त्यानंतर काही सेकंद लागले. तोच होता.

चाचा रडत होते. तोंडावर मात्र इतकं समाधान होतं की मला माझ्या भीतीची लाज वाटली. “खलास,” ते म्हणाले. “आता तो वाजवेल.”

कुणी काही वाजवलं नाही. आम्ही पाचेक मिनिटं थांबलो, बाहेर आलो, कोपऱ्यावर इथला वेलचीचा करक चहा प्यायलो. चाचा रस्ताभर रत्नागिरीतल्या आंब्याच्या कलमांबद्दल बोलत होते. इतकं हलकं झालेलं माणूस मी पूर्वी बघितलं नव्हतं. रविवारी त्यांना विमानतळावर सोडताना विजयसुद्धा रडला.

रेकॉर्डिंग मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ऐकलं. फुगा फुटतो, दीड सेकंदात विरतो. चाचांचं ‘चव्वेचाळीस’, मग ‘खलास, आता तो वाजवेल.’ त्यापुढे शांतता. माईक बंद करायचा राहून गेला होता. हेडफोन काढणार तेवढ्यात, चाचांच्या बोलण्यानंतर अकराव्या सेकंदाला, बिजागरीचा एक बारीक आवाज आला. लाकडी झाकण हळू उघडावं तसा.

पुढे पाचेक मिनिटांनी आमच्या पावलांचे आवाज. आम्ही बाहेर निघालो होतो.

मंगळवारी अबूबकरचा फोन. “सर, बुधवारी पाडायचाय. तुमच्या चाचांचा टॅग फळीवरच राहिलाय. माझ्या हिशेबी एक माणूस आत आहे.”

“अरे, ते गावी पोचलेसुद्धा. काढून टाक.”

“आत जाऊन बघून आलो मी,” तो म्हणाला. “बरं. काढतो.”

बुधवारी हॉल पाडला. सगळ्या राड्यारोड्याचे ट्रक शुक्रवारपर्यंत गेले.

त्या आठवड्यात मी वडिलांच्या रेकॉर्डीचं काम हाती घेतलं. हॉलचं घुमणं त्या गाण्याला चढवायचं, तर मोजणीचा तक्ता आधी साफ करायला हवा होता. तो उघडल्यावर माझी चूक मला दिसली. तक्त्यात आणखी एक रकाना असतो, ‘मोजणारे’. आत उभं राहून मोजलं तर स्वतःला वजा करावं लागतं. स्टेडियमवर आम्ही आवाज स्पीकरनं सोडतो आणि स्वतः बाहेर बसतो, त्यामुळे तिथे कायम शून्य असतं. फुगा हातानं फोडायचा म्हणून मी हॉलच्या आत होतो. शून्याचा एक करायचं विसरलो होतो.

म्हणजे पहिल्या दिवशी त्रेचाळीस नव्हते. बेचाळीस होते, आणि त्रेचाळीसावा मी.

चाचा आले तेव्हा चव्वेचाळीस भरले ते मला धरून.

मी तक्ता बंद केला. गाण्याचं काम तिथेच ठेवलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी घरी निघालो असताना चाचांचा फोन आला. मी अल अझीझियाच्या सिग्नलला होतो, काचा बंद, एसी पूर्ण. चाचा मजेत होते. घराच्या मागे नवी कलमं लावली होती, खळ्यात खुर्ची टाकून बसलोय म्हणाले, पावसानं आज उघडीप दिली होती. मी ऐकत होतो, पण शब्द नाही. खळं म्हणजे उघडं अंगण, वर आभाळ. उघड्यावर माणसाचा आवाज तोंडातून निघाला की संपतो, त्याला परत यायला भिंत नसते. चाचांच्या प्रत्येक वाक्याला शेपूट होतं. नकळत मी मोजलं. दीड सेकंद.

“चाचा, तुम्ही घरात आहात ना?”

“खळ्यात आहे रे बाबा. समोर कुंपण, कुंपणापलीकडे शेत.” शेत हा शब्द विरायला दीड सेकंद लागला. “तुला एक सांगायला फोन केला. गंधार, तो थांबलाय.”

“कोण?”

“झाकणावर हात ठेवून बसलाय. त्रेचाळीस बोलतो. एक कम है.” ते प्रेमानं बोलत होते, एखाद्याला जेवायला बोलवावं तसं. “तुझे वडील असतात पुढच्या टेबलाला. टॉवेल नाय खांद्यावर, कोट घालतात. तू घाई करू नको. पण मी केली ती चूक करू नको. त्याला फार वेळ थांबवू नको.”

वडिलांच्या टॉवेलबद्दल मी मंडळात कधीतरी बोललो असेन. बोललो असणारच. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. फोन कट झाला होता.

पुढच्या गल्लीत गाडी बाजूला घेतली आणि बायकोला, मालविकाला फोन लावला. कारण काही नव्हतं, तिचा आवाज ऐकायचा होता. बंद गाडी ही मला माहीत असलेली सगळ्यात मुकी जागा. सीट, गादी, छप्पर, सगळं आवाज पिणारं. त्यात घुमण्यासारखं काही नसतं.

“पाच मिनिटांत पोचतो,” मी म्हणालो.

“कुठे आहेस?”

“गाडीत. घराजवळच.”

“गाडीत? मग असा घुमतोय काय तुझा आवाज? एखाद्या मोठ्या हॉलमध्ये असल्यासारखा.” मागे अनुष्का काहीतरी विचारत होती. मालविकाने तिला गप्प केलं. “गंधार, काय आपटलं रे तिथे आत्ता? लाकडाचं काहीतरी.”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.